सदर ठिकाणी कुटुंब राहते

गवतरावांना खऱ्या नावाने हाक मारणारं उद्यानात कोणी उरलं नव्हतं. हजेरीपटावर ते नाव होतं, पण नवा कारकून आला की हमखास विचारायचा, "हे गृहस्थ कधी कामावर येतच नाहीत का?" मग कोणीतरी खिडकीतून बोट दाखवायचं. लांब कुरणात एक लाल ट्रॅक्टर मुंगीच्या पावलांनी चाललेला असायचा आणि त्यावर टोपी घातलेला एक माणूस. "ते काय, गवतराव!"

डोंगरमाथ्यावरचं ते कुरण म्हणजे काही बंगल्यापुढची हिरवळ नव्हे. या टोकाला उभं राहून त्या टोकाच्या माणसाला हात केला, तर त्याला तो दुर्बिणीशिवाय दिसायचा नाही. दर उन्हाळ्यात तिथे कमरेएवढं गवत वाढायचं, फुलं यायची, आणि फुलं झडून बी पडलं की जुलैत एकदा ते सगळं कापावं लागायचं. नाही कापलं तर दोन-तीन वर्षांत झुडपं माजतात. मग फुलं जातात, फुलांवरचे किडे जातात, किड्यांवरचे पक्षी जातात आणि पक्ष्यांसाठी बसगाड्या भरभरून येणारी माणसंही जातात. म्हणजे उद्यानाचा सगळा डोलारा गवतरावांच्या पात्यांवर उभा होता, पण ही गोष्ट ना कोणी त्यांना सांगितली, ना त्यांनी कधी कोणाला.

बावीस वर्षं ते हे काम करत होते. ट्रॅक्टर त्यांच्याही आधीपासूनचा. त्याचा आवाज असा, की खालच्या गावातल्या बायका त्यावर घड्याळ लावत. त्या आवाजाने गवतरावांचे कान हळूहळू उतरले होते. मोठ्याने बोललेलं समजायचं, समोरच्याच्या तोंडाकडे बघून अजून थोडं समजायचं, आणि उरलेलं ते अंदाजाने भरून काढायचे. मुलगी त्यांची इस्पितळात नोकरीला, तीसुद्धा कान तपासायच्याच विभागात. रोज दहा-बारा अनोळखी माणसांच्या कानात डोकावून ती घरी यायची आणि म्हणायची, "बाबा, एकदा या ना." गवतराव म्हणायचे, "जेवलो, जेवलो."

कामाला लागल्याच्या दुसऱ्याच वर्षी एक गोष्ट घडली होती. पात्यांखाली काहीतरी आल्यासारखं वाटलं म्हणून ते खाली उतरले, तर चंडोलाचं घरटं. त्यात जे काही होतं ते बघवण्यासारखं राहिलं नव्हतं. आई तेवढी वर भिरभिरत होती. त्या दिवशी त्यांनी डबा उघडलाच नाही. घरी तो तसाच भरलेला बघून बायकोने विचारलं, "अहो, काय झालं? साहेब काही बोलले का?" त्यांनी सांगितलं. ती शिवणयंत्रावर बसली होती. पडदे आणि शाळेचे गणवेश शिवून द्यायचं तिचं काम. तिने पाय थांबवला, थोडा विचार केला आणि खोलीच्या कोपऱ्यातलं चिंध्यांचं पोतं त्यांच्यापुढे ओढलं. "आधी पायी फिरा. जिथे दिसेल तिथे खूण बांधा. लाल कापड पुष्कळ आहे."

तेव्हापासून तो नेमच झाला. उजाडताच गवतराव काठी घेऊन त्या दिवशीच्या पट्ट्यातून सावकाश चालायचे. कान नव्हते म्हणून की काय, डोळे फार तिखट झाले होते. वाऱ्याने हलणारं गवत आणि आतून कोणीतरी हलवलेलं गवत यांतला फरक त्यांना शंभर पावलांवरून कळायचा. एखादी पक्षीण पंख मोडल्याचं सोंग करत फरफटत पुढे निघाली, की ते हसून म्हणायचे, "कळलं बाई, कळलं," आणि तिच्या उलट दिशेला बघायचे. घरटं तिकडेच असायचं. मग चार बाजूंना चार काड्या, त्यांवर लाल चिंध्या. कापायचंही ते मधून सुरू करत आणि बाहेर सरकत, म्हणजे ससे, उंदीर, लाव्यांची पिल्लं यांना पळायला वाट मिळे. उंदरांच्या आशेने एक कोल्हा दरवर्षी ट्रॅक्टरच्या मागे मागे फिरायचा, अगदी पगारी माणसासारखा. दुपारी ट्रॅक्टर थांबला की तोही सावलीत बसायचा.

असं करत करत कापलेल्या कुरणात दहा-वीस ठिकाणी न कापलेल्या गवताची बेटं राहायची. आधीचे साहेब कार्यालयातून बाहेर पडत नसत, त्यामुळे त्यांना ती कधी दिसली नाहीत.

पक्षी बघायला येणाऱ्यांचा एक जथा दर रविवारी लाकडी मनोऱ्यावर चढून बसायचा. त्यांच्या पुढारी म्हणजे गणिताच्या एक निवृत्त शिक्षिका. सगळे त्यांना 'बाई' म्हणत आणि थोडे टरकूनच असत. बाईंच्या वहीत दर पक्ष्यासाठी आखलेले रकाने होते. भोवत्या नावाच्या शिकारी पक्ष्यापुढे चार वर्षं एकच नोंद येत होती: नर एक, मादी एक, घरटं प्रश्नचिन्ह. मादी गवतात उतरताना त्यांना दिसायची, पण मधल्या उंचवट्यामुळे नेमकी कुठे ते कळायचं नाही. त्यांनी ओढ्याकाठचं सगळं लव्हाळं पिंजून काढलं होतं. आणि ऐन मोक्याच्या क्षणी तो ट्रॅक्टर धडधडत यायचा. बाई मनोऱ्यावरून मूठ उगारायच्या. गवतरावांना वाटायचं, किती अगत्याने हात करतात. तेही टोपी काढून हलवायचे.

खरं तर भोवत्याचं बिऱ्हाड गवतरावांच्या नेहमीच्या वाटेवरच होतं, उंचवट्याच्या पलीकडच्या खोलगट भागात. गवतावर तरंगत तरंगत उडणारा राखाडी रंगाचा नर आणि तपकिरी मादी. नराचं नाव त्यांनी ठेवलं होतं जावईबापू. कारण कपडे कायम परीटघडीचे, आणि घरी यायचं ते वरच्या वर, पाय म्हणून खाली टेकायचा नाही. उंदीर घेऊन तो आला की मादी गवतातून झेप घेऊन त्याच्या खाली जायची. तो वरून उंदीर सोडायचा, ही हवेतच उलटी व्हायची आणि पायांनी तो अचूक झेलायची. की जावईबापू निघाले पुढच्या कामाला. गवतराव घरी येऊन हे हातवारे करून सांगायचे. बायको म्हणायची, "बघा, तिला जागेवर आणून देतो. आणि इथे डबा मी भरते, मीच हातात देते, आणि वर विचारता की झाकण घट्ट लावलंस ना."

त्या घरात भोवत्याचा उल्लेख पक्षी म्हणून होतच नसे. 'त्यांच्याकडे यंदा चार मुलं आहेत', 'धाकटं जरा अशक्त वाटतंय', 'आज बाईसाहेब चिडल्या होत्या, टोपीवर टपली मारली', अशा बातम्या संध्याकाळी यायच्या. शेजारणीला कित्येक दिवस वाटत होतं की गवतरावांचा कोणी भाऊ डोंगरावर राहतो.

त्या वर्षी उद्यानाला नव्या अधीक्षक आल्या. वय पस्तिशीचं, मोठ्या शहरातल्या मुख्य कार्यालयातून बदली होऊन आलेल्या. कामाला वाघीण. पहिल्या महिन्यात त्यांनी सगळी कपाटं लावून घेतली, दुसऱ्या महिन्यात सगळे फलक रंगवून घेतले. तिसऱ्या महिन्यात गाडीने घाट चढून येताना शेवटच्या वळणावरून त्यांनी कुरण पाहिलं आणि त्यांना ते न्हाव्याने अर्ध्यात सोडलेल्या डोक्यासारखं दिसलं. कार्यालयात शिरताच त्यांनी गवतरावांना पत्र काढलं: गवत जागोजागी का राहिले, याचा लेखी खुलासा करावा. विशेषतः उंचवट्यामागचा मोठा तुकडा.

बावीस वर्षांत गवतरावांना आलेलं हे पहिलंच पत्र. त्यांनी ते घरी नेलं. बायकोने कापडावर खुणा करायची पेन्सिल दिली, ती परत घेऊन चांगलं पेन शोधून दिलं. रात्रीच्या जेवणाआधी खुलासा तयार झाला. तो असा:

'माननीय महोदया, सदर ठिकाणी कुटुंब राहते. नवरा-बायको व चार लहान मुले. नवरा दिवसभर बाहेर असतो. मुलांना अजून नीट चालता येत नाही. आत्ता हलवल्यास मुले दगावतील. तरी मुले मोठी होऊन आपापल्या मार्गाला लागेपर्यंत मुदत मिळावी, ही विनंती.'

बायकोने वाचून मान डोलावली. "छान झालंय. 'दगावतील' मुळे वजन आलं."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मॅडमनी त्यांना आत बोलावलं. कागद त्यांच्यापुढे होता आणि चेहरा लाल झालेला होता.

"काका, हे कुटुंब कधीपासून राहतंय तिथे?"

"मे महिन्यापासून, मॅडम. दरवर्षी येतात."

"दरवर्षी! आणि तुम्हाला हे माहीत होतं?"

"रोज बघतो ना."

"मग कोणाला सांगितलं का नाहीत?"

"कोणी विचारलंच नाही." गवतरावांना बरं वाटत होतं. बावीस वर्षांत साहेब लोकांपैकी पहिल्यांदाच कोणीतरी इतक्या आस्थेने चौकशी करत होतं.

मॅडमनी पाण्याचा घोट घेतला. "ते खातात काय?"

"शिकार करून आणतो की तो."

"शिकार? उद्यानात?"

"लांबपर्यंत जातो. उंदीर तर रोजचेच. कधी सशाचं पिल्लू मिळालं तर तेसुद्धा सोडत नाही."

मॅडमनी खुर्चीचे हात घट्ट धरले. "आणि ती बाई?"

"बाई कडक आहे. जवळ गेलं की सरळ डोक्यावर मारते. मला दोनदा बसलीय." गवतरावांनी टोपी काढून दाखवली. "पण मुलांसाठी करते बिचारी. तुम्ही या ना एकदा बघायला."

"येणारच आहे," मॅडम म्हणाल्या. "उद्याच."

गवतराव हवेत तरंगत घरी गेले. बायकोने त्यांच्या निळ्या सदऱ्याला इस्त्री केली, कॉलरचं निसटलेलं बटण लावलं. "मॅडम स्वतः येतायत म्हणजे बघा," ती म्हणाली.

दुसरा दिवस रविवार होता. सकाळी आठला जीप कुरणात शिरली. मॅडमबरोबर दोन सुरक्षारक्षक होते. एकाच्या हातात जागा खाली करण्याची छापील नोटीस, दुसऱ्याच्या हातात गर्दीला सूचना द्यायचा भोंगा. मॅडमनी एका पिशवीत बिस्किटांचे पुडे आणि चार लहान ब्लँकेटंही आणली होती. अतिक्रमण हटवायचं तर खरं, पण मुलं शेवटी मुलंच, असा त्यांचा हिशेब. गवतराव इस्त्रीचा सदरा घालून लाल चिंध्यांपाशी उभे होते. भोंगा बघून मात्र ते चपापले.

"हे कशाला?"

"नियमाप्रमाणे आधी पुकारावं लागतं," रक्षक म्हणाला आणि त्याने भोंगा तोंडाला लावला. "आत जे कोणी असतील त्यांनी मुलांसह शांतपणे बाहेर यावं!"

बाहेर आली ती आई. गवतातून सरळ वर गेली, हवेत वळली आणि चक-चक-चक करत खाली सुटली, ती थेट मॅडमच्या डोक्यावर. टोपी उडाली. भोंगेवाल्याने भोंगा टाकला आणि जीपमागे दडला. नोटीसवाल्याने नोटीस डोक्यावर धरली. ती पुन्हा फिरली.

"मागे या! सगळे मागे या!" गवतराव ओरडले. "मॅडम, वाका! तिच्याकडे बघू नका, मागे चला!"

शंभर पावलं मागे येऊन सगळे जीपच्या आडोशाला बसले. ती अजून दोन घिरट्या घालून गवतात उतरली.

"काका," मॅडम हळूच म्हणाल्या. त्यांच्या केसांत गवताच्या काड्या अडकल्या होत्या. गवतरावांना ते ऐकू गेलं नाही, म्हणून त्या मोठ्याने म्हणाल्या, "काका, ही बाई म्हणजे... हीच का?"

"हीच. सांगितलं होतं ना, कडक आहे."

"आणि चार मुलं..."

"आत आहेत. पांढऱ्या लोकरीच्या गोळ्यांसारखी. पण आता जायचं नाही."

मॅडमनी मांडीवरच्या ब्लँकेटांकडे पाहिलं. मग त्यांना जे हसू फुटलं ते आवरेचना. चाकाला टेकून, डोळे पुसत, त्या हसतच राहिल्या. रक्षकांनी आधी एकमेकांकडे बघितलं, मग तेही सुटले. गवतराव सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होते. काय चुकलं ते त्यांना कळलं नाही, पण हसणं चांगलं दिसत होतं, म्हणून तेही हसले.

"अहो, तुम्ही 'पक्षी' हा एक शब्द तरी लिहायचात!"

"विसरलो की काय," गवतराव म्हणाले. "पण उद्यान पक्ष्यांचंच आहे ना, मॅडम. इथे दुसरं कोण राहणार?"

इतक्यात उंचवट्यावरून धापा टाकत बाई आल्या, मागे त्यांचा जथा. मनोऱ्यावरून त्यांनी मादीला वर झेपावताना पाहिलं होतं. वयाची पासष्टी ओलांडलेल्या बाई गळ्यातली दुर्बीण सांभाळत धावत आल्या होत्या. त्या काही विचारणार, तोच गवतरावांनी हात वर केला. "जावईबापू आले."

पश्चिमेकडून तो गवताला लागून तरंगत येत होता, पायांत काहीतरी लोंबत होतं. मादी वर गेली. त्याने सोडलं. ती उलटी झाली आणि तिने झेललं. डोळ्यांची दोनदा उघडझाप व्हावी एवढ्यात सगळं संपलं, आणि ती लाल चिंध्यांच्या मधोमध उतरली. चौदा माणसं जीपच्या आडोशाला तोंडं उघडी टाकून बसली होती.

बाईंनी वही काढली, पण लिहिलं काहीच नाही. त्यांनी गवतरावांना विचारलं, "हे इथे किती वर्षं आहेत?"

"हे सहावं."

"सहा! अहो, मी चार वर्षं त्या मनोऱ्यावर... मग तुम्ही सांगितलं का नाही?"

"तुम्ही सगळे ओढ्याकडे दुर्बिणी लावून बसायचात," गवतराव म्हणाले. "मला वाटलं, तिकडे याहून काहीतरी भारी असणार."

बाई नंतर बराच वेळ त्यांच्याशेजारी बसून होत्या. त्या दिवशी त्यांनी वहीची अकरा पानं भरली. गवतरावांनी सांगितलेला प्रत्येक आकडा त्या दोनदा विचारून घेत होत्या, आणि त्यांच्या लक्षात आलं की त्या तोंडापुढे वही धरून बोलल्या की गवतराव भलतंच उत्तर देतात. त्यांनी वर बोट केलं. आभाळात एक चंडोल जीव तोडून गात होता. "ऐकू येतोय?"

"दिसतोय," गवतराव म्हणाले.

"गातोय तो."

"हो का?" ते म्हणाले. "मला वाटायचं, पंखांचा व्यायाम करतो."

मुलीने बारा वर्षं सांगून जे झालं नव्हतं ते बाईंनी एका दमात करून टाकलं. येत्या बुधवारी इस्पितळात गेला नाहीत तर तुमच्या ट्रॅक्टरची पुन्हा तक्रार करीन, असं त्यांनी बजावलं. 'पुन्हा' हा शब्द गवतरावांच्या ध्यानात आला नाही. मुलीने कानांत दोन छोटी यंत्रं बसवली. पहिले दोन दिवस ते हैराण झाले. नळ ठिबकतो, दार करकरतं, बायको शिवता शिवता स्वतःशी बोलते, आणि बहुतेक त्यांच्याबद्दलच बोलते. "आता मला जपूनच बोलावं लागणार," ती म्हणाली, आणि मग चेहरा फिरवून बराच वेळ सुईत दोरा ओवत बसली. तिसऱ्या दिवशी गवतराव उजाडायच्या सुमारास कुरणात गेले, ट्रॅक्टर चालू न करता सीटवर बसले. चंडोल वर गेला आणि सुरू झाला. तो थांबेल, मग काम सुरू करू, असं त्यांनी ठरवलं. तो काही थांबेना. एक संपला की दुसरा सुरू. शेवटी साडेनऊला मॅडमच खिडकीतून बघून रक्षकाला म्हणाल्या, "ट्रॅक्टर बिघडलाय का, विचारून या." रक्षक येऊन म्हणाला, "नाही मॅडम, गाणं ऐकतायत."

चारांतलं धाकटं पिल्लू जगलं नाही. एके सकाळी ते दिसेनासं झालं. कोल्हा असेल किंवा नुसता अशक्तपणा. गवतराव दोन दिवस कोल्ह्याशी बोलले नाहीत, तो मात्र नेहमीसारखा मागे फिरत राहिला. बाकीची तिन्ही ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात उडाली. त्या रविवारी मनोरा रिकामा होता. सगळे उंचवट्यावर आडवे पडून बघत होते. सगळ्यात थोरल्याने जावईबापूंनी टाकलेला उंदीर झेलायचा पहिला प्रयत्न केला, तो चुकला, आणि तिथे हजर असलेल्या चाळीस माणसांच्या तोंडून एकदम "अरेरे!" निघालं. दुसरा त्याने झेलला. मग ज्या टाळ्या पडल्या, त्या गवतरावांनी नव्या कानांनी ऐकल्या. फार मोठ्या वाटल्या त्यांना. हाताने खुणा करून त्यांनी सगळ्यांना गप्प केलं.

मॅडमनी मुख्य कार्यालयाला अहवाल पाठवला. कापणी मधून बाहेर करावी, आधी पायी पाहणी करावी, खूण केलेले तुकडे सप्टेंबरपर्यंत राखावेत, असे नवे नियम झाले. गवतरावांनी ते वाचले आणि म्हणाले, "बरं झालं, आता सोपं जाईल," जणू ते कोणी दुसऱ्याने शोधून काढले होते. अहवालाला जोडपत्र म्हणून तो खुलासाही गेला होता. मुख्य कार्यालयात म्हणे तो मोठ्याने वाचला गेला आणि त्या दिवशी दुपारनंतर फारसं काम झालं नाही.

पुढच्या वर्षी जुलैत, कापणीच्या पहिल्या सकाळी गवतराव काठी घेऊन कुरणावर पोचले, तर मॅडम आधीच येऊन उभ्या होत्या. पायांत रबरी बूट, हातात काठी, खिशातून लाल चिंध्या लोंबत होत्या. त्या म्हणाल्या, "डावा पट्टा माझा. तुम्ही मधे पडायचं नाही."

अर्धा तास त्या चालत होत्या. एकदा चरात पाय गेला, गुडघ्यापर्यंत चिखल झाला, तरी त्या बोलल्या नाहीत. गवतराव आपल्या पट्ट्यातून चालत तिरक्या नजरेने त्यांच्याकडे बघत होते. मॅडमच्या पुढे दहा पावलांवर गवत हललं, आणि वारा तर नव्हता. त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. मॅडम थांबल्या. एक पाऊल उचललं होतं ते त्यांनी तसंच मागे घेतलं, वाकल्या, दोन बोटांनी गवत बाजूला केलं. मग मान वर न करता, शाळेतल्या मुलीसारखा त्यांनी एक हात उंच केला.

"काका," त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "पाच अंडी."

"ऐकलं," गवतराव तेवढ्याच हळू म्हणाले. "आता न वळता मागे या. ती तुमच्याकडे बघतेय."